मास्तरांच्या नावावरचं सातवं भाषण

आमच्या मास्तरांना त्यांच्याच ख्रिस्ती मंडळीच्या सेक्रेटरीने फसवलं, तेही मास्तर वारल्यावर. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं मला शांतपणे लिहिता येणार नाही.

मास्तर नगरचे. गावी शाळेत शिकवायचे. इथे मस्कतला अल मवालेहच्या भाजीबाजारात एका कोल्ड स्टोरेजमध्ये आलेला माल तपासायचे. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचा कांदा काढायचा आणि वरच्या कांद्याशेजारी ठेवायचा, ही त्यांची पद्धत. "वरचा कांदा तू मला दाखवतोस. तळाचा मी तुला दाखवतो," म्हणायचे.

२०११ मध्ये मी तिथे कांद्याच्या धंद्यात नवा होतो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा अख्खा माल परत केला. मी बाजार डोक्यावर घेतला. ते म्हणाले, "झालं ओरडून, शेठ? आता सांग. माल कुणाच्या शेतातला? आणखी कोण कोण घेतं? आणि वरचा-खालचा जुळतो का?" मी पोती उचलून परत पिकअपमध्ये टाकली.

मग दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, मी त्यांना पिकअपमधून रुवी भागातल्या चर्चला सोडायला लागलो. खोटं कशाला बोलू, वशिला लागावा म्हणूनच. मागच्या बाकावर चहाची वाट बघत बसायचो. उपासना झाली की मास्तर बायबल कसं जमलं ते सांगायचे. "ऐका रे बाबांनो," अशी सुरुवात ठरलेली. येशूनंतर गावोगावच्या मंडळ्यांत शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चरित्रं, आणि पत्रं फिरत होती. काही खरी, काही थोर माणसांच्या नावावर खपवलेली.

"मग निवडली कशी?" मी एकदा मागून विचारलंच.

"तुझ्या कांद्यासारखी! हे प्रेषितांपर्यंत, येशूच्या पहिल्या शिष्यांपर्यंत पोचतं का? ठिकठिकाणच्या मंडळ्या वाचतात का? आणि आधीपासून शिकवलं गेलंय त्याच्याशी जुळतं का?"

त्या दिवशी माझा चहा गार झाला.

"कुणा राजाने एका बैठकीत मतं घेऊन पुस्तकं ठरवली," असं कुणी म्हटलं की मात्र हा थंड माणूस तापायचा. "खोटं! शेकडो वर्षं लोक वाचत होते, भांडत होते. प्रकटीकरणाच्या पुस्तकावर भांडले, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रावर भांडले. पुढे एका बिशपने ईस्टरच्या पत्रात नव्या करारातल्या आजच्याच सत्तावीस पुस्तकांची यादी कळवली, तोवर त्यांतली बहुतेक लोकांनी वाचून वाचून आपली केली होती. आणि त्यानंतरही कुरबुर चालूच राहिली."

त्यांची आवडती गोष्ट रोमन काळच्या आशिया प्रांतातल्या एका मंडळीच्या वडिलाची, म्हणजे तिथल्या पुढाऱ्याची. त्याने प्रेषित पौलाबद्दल स्वतःच एक पुस्तक रचलं आणि खरं म्हणून चालवलं. पकडला गेला तेव्हा म्हणाला, पौलावरच्या प्रेमापोटी केलं. त्याला पद सोडावं लागलं.

"प्रेमच होतं ना, मास्तर?"

"म्हणून तर जास्त वाईट. परक्याचा माल आपण तपासून घेतो. प्रेमाने दिलेला कोण तपासतो?"

त्या तीन प्रश्नांवर मी माझा गाळा उभा केला. आज ओमानमधल्या निझवा आणि इब्री या गावांचे दुकानदार माझी पोती न उघडता नेतात. मास्तर कायमचे गावी निघाले तेव्हा मी विमानतळावर खजुराचा डबा दिला. त्यांनी तिथेच झाकण काढलं, तळापर्यंत बोटं घातली, खालचा खजूर तोंडात टाकला आणि म्हणाले, "जुळतंय." एवढी शाबासकी मला माझ्या बापानेही दिली नाही.

वर्षभरात ते गेले. मंडळीने त्यांच्या भाषणांची पुस्तिका काढली. त्यातलं सातवं भाषण 'आदरणीय बंधुभगिनींनो' असं सुरू होतं आणि सांगतं की राजाच्या दरबारात एका दिवसात मतदान होऊन बायबल ठरलं! मी तेच तीन प्रश्न विचारत फिरलो. हे भाषण कुणी लिहून घेतलं? माहीत नाही. कुणी ऐकलं? कुणीच नाही. बाकीच्या सहांशी जुळतं? उलटं आहे. शेवटी सेक्रेटरीला गाठलं.

"अहो शेठ, लिहून घेतलेली सहाच होती. पुस्तिका फार बारीक दिसत होती. मास्तरांवरच्या प्रेमापोटी लिहिलं मी. आता खलास करा ना विषय. तुम्ही तर आमच्यातलेही नाही."

नाही, तुमच्यातला नाही. पण सहा वर्षं तुमच्या मागच्या बाकावर बसलोय. पुस्तिका नगरला मास्तरांच्या नातीकडे पोचली आहे. ती मास्तर गेल्यावर जन्मली, तिने आजोबांना एकदाही बोलताना ऐकलेलं नाही. त्या पानांवरूनच ती त्यांना ओळखणार. सेक्रेटरीसाहेब, त्या आशियातल्या माणसाने निदान कबूल केलं आणि खुर्ची सोडली. तुम्ही अजून बसलेलेच आहात. येत्या शुक्रवारी मी मागच्या बाकावर असेन. सगळ्यांसमोर उभे राहा आणि सांगा, सातवं भाषण कुणाचं?