मावसाजींच्या स्प्रिंगा

सेलूकडच्या माझ्या मावसाजींच्या मते जगात एकही रस्ता खराब नव्हता. लोकांच्या गाड्यांच्या स्प्रिंगा तेवढ्या चुकीच्या होत्या. हे ते इतक्या ठामपणे सांगत, की त्या काळ्या मातीच्या रस्त्याला आपण उगाच नावं ठेवली असं वाटून ऐकणारा ओशाळायचा. वांगी-टमाटर पिकवून वर्ध्याच्या बाजारात नेणारा हा माणूस. शेतातलं गुडघाभर तण त्यांना दिसत नसे, पण कुणाच्या फटफटीचं मागचं बूड बोटभर खाली बसलेलं चावडीवरून दिसे.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. त्यांच्या स्वतःच्या फटफटीवर तर इतके प्रयोग झाले होते, की त्या बिचारीला आपला मूळ स्वभाव आठवत नसावा. एकदा त्यांनी मागच्या शॉकअपला लांब स्प्रिंगा बसवल्या. मागून गाडी उंच झाली, सगळा भार पुढे आला आणि हँडल एवढं उतावळं झालं, की मावसाजींनी नुसती मान वळवली तरी गाडी वळायची. तशीच एकदा ती त्यांना घेऊन शेजाऱ्याच्या तुरीत शिरली. मग मऊ स्प्रिंगा आल्या. टमाटरच्या दोन पेट्या लादल्या की मागचं खाली बसायचं, पुढचं चाक हलकं होऊन डुलायचं आणि दिव्याचा उजेड रस्ता सोडून बाभळीच्या शेंड्यावर पडायचा. त्यावर उपाय म्हणून पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात घट्ट तेल भरलं, तर एकेक दगड थेट खांद्यात! "मांगचं सुधरवलं का समोरचं बिघडते, बाप्पा," ते मला समजावत. "गाडी एकच राह्यते ना!" अहो, मग हात लावायचाच कशाला? पण हे विचारायची सोय नव्हती.

पुढे मावशीची कंबर धरली. डॉक्टरांनी बस आणि बैलगाडी दोन्ही बंद केल्या. दणका म्हणून बसता कामा नये. वर्षभर ती घराबाहेर पडली नाही, आणि इकडे वर्ध्याजवळ बोरगाव मेघे गावी आमच्या घरी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. ही बहीण मावशीच्याच मांडीवर वाढलेली. "मले फक्त अक्षता टाकू द्या," मावशी म्हणाली, आणि मावसाजींनी शॉकअप पुन्हा खोलले.

मी पत्रिका घेऊन गेलो, त्या दिवशी चाचणी होती. दोन वर्षांपूर्वी कापसाच्या काट्यावर गमतीनं केलेलं मावशीचं वजन त्यांना पाठ होतं. तेवढ्या वजनाची वांग्यांची गोणी मागच्या सीटवर बांधून त्यांनी आठ दिवस स्प्रिंगा जुळवल्या होत्या. गोणी घेऊन गाडी नाल्यातून अशी गेली, की एका वांग्याला ओरखडा नाही. मग गोणी उतरवून मावशीला बसवलं. अंगणाबाहेरच्या पहिल्याच खड्ड्यात ती "अगं माय!" करून कळवळली. मावसाजी उतरून स्प्रिंगांवरच खेकसले. पुन्हा गोणी ठेवली, स्प्रिंगा दबल्या. पुन्हा मावशी बसली, स्प्रिंगा ढिम्म.

"गोणीनं तं दबते, तुह्यानं काऊन नाई दबत वं?"

तेव्हा कुठं मावसाजींनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. पोती तोलायच्या काट्याच्या एका पारड्यात त्यांनी तिला हळूच बसवलं, दुसऱ्यात गोणी ठेवली. गोणीचं पारडं धाडकन खाली गेलं.

"एवढी वाळली? सांगतलं काऊन नाई?"

"कवा सांगू? तुमी तं चाकापाशीच बसून राह्यले."

मी पत्रिका हातात धरून उभा. मला त्यांचा संताप आला होता, आणि त्यांच्या तोंडाकडे बघवतही नव्हतं. मावसाजी खाली बसून गोणीतली वांगी काढत राहिले, दोन्ही पारडी सारखी होईपर्यंत. मग ती हलकी गोणी गाडीवर बांधून त्यांनी मऊ स्प्रिंगा लावायला घेतल्या.

मावशी लग्नाला आली. हळूहळू, पण हसत आली, आणि तिनं अक्षता टाकल्या. पंगतीत मावसाजी आपलं ताट सोडून तिच्या ताटात बुंदी वाढत बसले होते.

"पुरे करा आता," ती म्हणाली. "वजन वाढलं तं स्प्रिंगा बसतीन तुमच्या."

"बसू दे," मावसाजी म्हणाले. "दुसऱ्या लावीन."

त्यानंतर कधीही त्यांच्याकडे गेलो, की मी आधी गाडीच्या मागच्या चाकापाशी वाकून बघायचो. त्या स्प्रिंगा त्यांना लवकर बदलाव्या लागोत, असं मला फार फार वाटायचं.