निधी आली

डहाणूपासून तलासरीपर्यंत अशुद्ध मराठीवर जीव तोडून चिडणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझे नशीब. आमच्या बाजारात एका वाक्यात मराठी, गुजराती, हिंदीची खिचडी होते. साडू भाजी घेताना त्यातली मराठी आधी दुरुस्त करतात, मग भाव विचारतात. उधव्याकडच्या एका पाड्यावर ते जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक. गेल्या काही वर्षांत शाळेच्या सरकारी अनुदानाने बरीच सोंगे घेतली. आधी ते थोडे पण वेळेवर येई, मग निम्मे येऊ लागले, मग हप्त्याने, आणि आता पटावर, म्हणजे पोरे जितकी तितके. निम्मे आले त्या वर्षी खडू पुरावा म्हणून साडूंनी फळ्यावरचे अक्षर निम्मे केले. वेलांट्या मात्र पूर्ण काढल्या. एकदा वरून पत्र आले, ‘निधी उपलब्ध झाली नाही.’ यांनी लाल शाईने ‘झाली’चे ‘झाला’ केले, समासात ‘निधी पुल्लिंगी आहे’ असे लिहिले आणि पत्र परत पाठवले. पुढचा हप्ता त्यामुळेच रखडला, असे माझी बायको आजही म्हणते.

गेल्या वर्षी पट एकोणिसावर आला. विसाच्या आतल्या शाळा दुसऱ्या शाळेत मिसळणार अशी बोलवा होती, आणि ती दुसरी शाळा हायवेपलीकडे. पहिलीची पोरे तो हायवे रोज ओलांडणार, या विचाराने साडूंची झोप उडाली. सुट्टीभर ते एकेका पाड्यावर दारोदार फिरले. जूनमध्ये त्यांचा फोन आला. आवाज कापत होता.

“निधी आली.”

माणूस खचला, असेच मला वाटले. मी हळूच म्हटले, “आला म्हणा.”

“आली हो. पहिलीत. बाप वापीची कंपनी सोडून शेतीवर परत आलाय.”

पट वीस झाला, शाळा राहिली. पुल्लिंगी निधी यंदा अर्धा आला आहे, उरलेलाही येईल म्हणतात. साडू मात्र गेल्या महिन्यात निवृत्त झाले. नव्या बाईंना किल्ल्या देताना ते भाषण करतील असे वाटले होते. ते एवढेच म्हणाले, “निधी अजून ‘माझी पेन हरवली’ म्हणते. रागावू नका. येईल तिला हळूहळू.”

परतताना त्यांना बरे वाटावे म्हणून मी मुद्दाम म्हटले, “आज ऊन फार पडलीय.” त्यांनी नुसते ‘हो’ म्हटले. हायवे लागला, ओलांडून झाला, आणि मग ते हळूच म्हणाले, “पडलंय.”