मामांच्या टीव्हीतल्या मुंग्या

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, लेकीपाशी तर नाहीच. ऐकताना तुम्हाला हसू येईल — हसा. मलाही येतं. तरी शेवटपर्यंत ऐका.

वालूरच्या आमच्या घरात टीव्ही आला तेव्हा मी नवी सून होते. सासऱ्यांना मामा म्हणायचे. त्यांच्यासमोर बसायची रीत नव्हती. पदर सावरत, स्वयंपाकघराच्या दारातून मी टीव्ही बघायचे — बघायचे कसली, ऐकायचेच जास्त.

मामांची तक्रार एकच. "मुंग्या दिसायल्यात."

चित्र स्वच्छ व्हावं म्हणून आम्ही काय करायचं बाकी ठेवलं? अँटेनाचा बांबू उंच केला, बूस्टर लावला, काचेवर निळा कागद डकवला. रविवारी दुपारी नवरा माळवदावर चढून अँटेना फिरवायचा. वरून ओरडायचा, "आलं का?"

"न्हाई रे! फिरव अजून!" मामा खालून.

एकदा मी दारातून पाहिलं — चित्र आरशासारखं! बाईच्या नाकातली चमकीसुद्धा दिसत होती. मामा मात्र म्हणाले, "मुंग्याच हायत." आणि खुंटीवरच्या धोतराकडं बघून, "कोण आलंय? या, बसा की."

माझ्या आजीला मोतीबिंदू झाला होता. मला कळायचं ते कळलं. सांगायला तोंड उघडलं — तेवढ्यात मामाच म्हणाले, "पोरी, बस इथं. काय दिसायलंय ते सांग मला."

मी बसले. टीव्हीसमोर, पंख्याखाली. आणि डोळ्यांबद्दल गप्प बसले.

काय सांगू त्या दुपारी! जुन्या मालिका परत लागायच्या, मी मामांना एकेक सांगायचे. हळूहळू पदरचं घालायला लागले. पडद्यावरची खाष्ट सासू नुसती जिना उतरायची, मी तिला घसरवायचे. मामा पोट धरून हसायचे. "पडली? लय बेस झालं!" मागच्या खोलीत झोपलेल्या आत्याबाई — माझ्या सासूबाई — जाग्या व्हायच्या. वरून नवरा, "आलं का?" मी म्हणायचे, "जरा डावीकडं!" — चित्र लख्ख असताना. तो बिचारा उन्हात फिरवत राहायचा.

मग का नाही सांगितलं? मामांना दिसायला लागलं, की मी परत दारात. एवढंच. दुसरं कारण पुष्कळ शोधलं — नाही सापडलं.

त्यातच आमची रेखा जन्मली. मामा तिला मांडीवर घेऊन तिच्या तोंडावरून बोटं फिरवायचे. बघणारे म्हणायचे, किती माया! माया तर होतीच. पण बोटं काय शोधत होती, ते मला ठाऊक होतं. तरीही — नाही बोलले.

ती चालायला लागली तेव्हा कुठं नवऱ्याला शंका आली. सेलूला डोळ्यांचं शिबिर होतं, तिथं मामांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, जाड चष्मा लागला. घरी आल्यावर टीव्ही लावला, तर तीच मालिका. खाष्ट सासू जिना उतरली. धड उतरली.

"आगं, ही तर पडतच न्हाई!" मामा केवढ्यानं हसले. "तुझीच बेस हुती पोरी. बस, तूच सांग."

म्हणजे माझी जागा कुठं जाणारच नव्हती.

रेखा धावत येऊन त्यांच्या गुडघ्याला बिलगली. मामांनी तिची हनुवटी वर केली, चष्मा सारखा केला. बघतच राहिले.

"हिच्या गालावर तीळ हाय की," म्हणाले. "कवापासून?"

"जन्मापासून, मामा," मी म्हणाले.