विमानतळाच्या रेल्वेची मोजणी

शहरातून नव्या विमानतळाला जाणाऱ्या रेल्वेची मोजणी करायला माणसं आली, तेव्हा दौंड तालुक्यातलं आमचं सगळं गाव रानात जमलं. त्यांनी आमच्या उभ्या कांद्यात खुंट्या ठोकल्या आणि वडिलांचं डोकं फिरलं. एक खुंटी उपटून त्यांनी एकाच्या पाठीत घातली. मग गावच तुटून पडलं. गाडीच्या काचा फुटल्या. खाली पडलेल्या माणसाला लाथा बसत होत्या आणि तो "मर जाऊंगा" म्हणून ओरडत होता. वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, गर्दीत घुसली आणि त्याच्या अंगावर आडवी पडली.

"आरं, जीव जाईल त्याचा!"

तेवढ्यात वडिलांनी भिरकावलेला दगड तिच्या डोळ्यावर बसला. सगळे जागच्या जागी थांबले.

मोजणीवाल्यांच्याच फुटक्या गाडीतून आम्ही तिला दौंडला नेलं. डोळा वाचला नाही. पोलिसांनी विचारलं, "दगड कुणी मारला, मावशी?"

"म्या न्हाई बघितलं," आत्या म्हणाली.

शेजारी उभे असलेले वडील बाहेर गेले आणि दवाखान्याच्या भिंतीवर डोकं आपटू लागले.

रेल्वेची आखणी पुढं दुसरीकडून झाली. वडील आत्याशी बोलतात, पण अजून तिच्या तोंडाकडं बघत नाहीत.