आईचं नाटक, मावशीचा चेहरा

आईने वरचे सगळे दात काढून कवळी बसवली आणि तिच्या टॅबने तिला ओळख दाखवायचं बंद केलं.

तिने टॅब तोंडासमोर धरला. ढिम्म. कवळी काढून धरला, तरी ढिम्म. चष्म्यासकट, चष्म्याविना, खिडकीपाशी, ट्यूबलाइटखाली असं सगळं करून झालं. शेवटी तिने त्याला चांगलंच झापलं. "चार महिने रोज माझं तोंड बघतोस मेल्या, आणि दात गेल्याबरोबर मी परकी?"

चेहरा चालला नाही तर पिन टाकायचा असतो. पिन आईला आठवत नव्हता. बेंगळुरूत आमच्या जे. पी. नगरात ज्येष्ठ नागरिकांचा एक कट्टा आहे. तिथे एका गृहस्थांनी ऑनलाइन फसवणुकीवर भाषण दिलं आणि पिन असा ठेवा म्हणाले की कुणालाही ओळखता येऊ नये. आईने तो इतक्या निष्ठेने ठेवला की 'कुणालाही'मध्ये तीसुद्धा आली. त्याच संध्याकाळी तिने टॅबचा बॅकअपही बंद करून टाकला होता. ऑनलाइन ठेवलं की कुणीही वाचतं, असं त्या गृहस्थांनी सांगितलं होतं. मी वीस वर्षं इलेक्ट्रॉनिक सिटीत सॉफ्टवेअरमध्ये घालवली आहेत, पण घरात माझ्या मताला त्यांच्याइतकी किंमत नाही. मी फुकट मिळते ना!

एरवी मी म्हटलं असतं, जाऊ दे, नवा घेऊ. पण आत नाटक होतं. आमच्या मराठी मंडळाचं गणेशोत्सवातलं नाटक दरवर्षी आईच बसवते, आणि या वर्षी तर तिने ते स्वतः लिहिलं होतं, चार महिने एका बोटाने टाइप करून. पहिले दोन अंक नटमंडळींना वाटून झाले होते. तिसरा मात्र तिने कुणालाच दिला नव्हता. "आधी दिला तर पाठ करून करून शिळा करतील," असं ती सांगायची, आणि मंडळी माना डोलवायची. आता प्रयोग नऊ दिवसांवर आला होता आणि तिसरा अंक कुलपात होता.

"आठवून पुन्हा लिही ना," मी म्हटलं.

"नाटक आहे ते, वाण्याची यादी नव्हे," ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

मी टॅब घेऊन कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने तो उलटासुलटा केला, एक बटण दाबून पाहिलं आणि म्हणाला, "ओपन आगुत्ते मेडम. डेटा होगुत्ते." म्हणजे उघडेल, पण आतलं सगळं पुसून. आईला हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले. तिला असं रडवेलं झालेलं मी फार कमी पाहिलं आहे. माझा सगळा टवाळपणा तेवढ्यापुरता गळून गेला.

उपाय सापडला तो माझ्याच फोनमध्ये. माझा फोन फोटोंतले चेहरे ओळखून माणसागणिक गठ्ठे करतो. आईच्या गठ्ठ्यात निम्मे फोटो मावशीचे होते. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. दोघींत पाच वर्षांचं अंतर, पण कपाळ, नाक, हनुवटी सगळं एकाच साच्यातलं, आणि मावशीचे दात अजून मावशीचेच. आई आता जशी दिसत नव्हती, तशी मावशी दिसत होती.

अडचण एकच. दोघी तीन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. आईने बसवलेल्या एका नाटकात मावशीने ऐन प्रयोगात स्वतःच्या पदरचं एक वाक्य घातलं. त्यावर असा हशा पिकला की पुढचा गंभीर प्रवेश त्यात वाहून गेला. पडदा पडल्यावर आई सगळ्यांसमोर तिला म्हणाली, "तुला टाळ्या कळतात, नाटक कळत नाही." झालं! त्या दिवसापासून अबोला. पण डबा रिकामा परत करायचा नाही ही आमच्याकडची रीत. त्यामुळे एका दिवाळीत आईने माझ्या हाती चिरोटे पाठवले, त्या डब्यातून मावशीची कोडबळी आली, त्यातून आईचे लाडू गेले, आणि असं तीन वर्षं चाललं. भांडणाची ने-आण करून माझं वजन वाढलं.

मी आईला सरळ विचारून पाहिलं. "माझं नाटक तिच्या तोंडाने उघडायचं?" ती म्हणाली. "त्यापेक्षा बुडालेलं बरं."

मग मी थाप मारली. बसवनगुडीत एक स्पेशालिस्ट आहेत, म्हटलं, कुलूप न तोडता टॅब उघडतात, घरूनच काम करतात. यातलं एकही वाक्य अगदीच खोटं नव्हतं. आई लगेच साडी बदलून तयार झाली, कारण स्पेशालिस्ट चोरून नाटक वाचेल अशी तिला धास्ती होती. ऑटो बसवनगुडीत शिरल्यावर मी रस्ता विसरल्याचं सोंग घेतलं. ड्रायव्हर वैतागून विचारू लागला, लेफ्टा, राइट्टा? मी फोनच्या नकाशात डोकं घातलं.

आईने एकदा बाहेर पाहिलं, एकदा माझ्याकडे. तिला कळलं होतं. मला वाटलं, आता ऑटो उलटा फिरवायला लावणार. ती पुढे वाकून ड्रायव्हरला म्हणाली, "लेफ्ट होगी. आ मरद हत्तिर निल्लिसि." डावीकडे वळून ऑटो तिने दाखवलेल्या झाडापाशी थांबला. झाडासमोरच मावशीचं दार होतं.

दार मावशीनेच उघडलं. तिने आईला नीट न्याहाळलं. "अक्का, दात काढलेस?"

"आणि तू केस रंगवलेस," आई म्हणाली. तीन वर्षांनंतरची ही पहिली वाक्यं.

कॉफी येईपर्यंत मी सगळं प्रकरण मावशीला सांगितलं. ते ऐकताना तिचा चेहरा असा काही खुलला की आई उठून जायच्याच बेतात होती. मी घाईने टॅब मावशीसमोर धरला. उघडला नाही. चष्मा काढायला लावला. तरी नाही.

"हसू नकोस," आई म्हणाली. "मी हसत नसते."

"ते साऱ्या बेंगळुरूला ठाऊक आहे," मावशी म्हणाली, पण तोंड गंभीर केलं. टॅब उघडला. "बघ अक्का! तुझं यंत्रसुद्धा शेवटी माझं ऐकतं."

आता माझा गुन्हा कबूल करते. पहिल्याच मिनिटात मी नाटकाची फाइल पेनड्राइव्हवर उतरवली. वाचायची नाही अशी आईने शपथ घातली होती, म्हणून वाचली नाही. तिथेच काम संपलं होतं. पण मी म्हटलं, बॅकअप म्हणजे सगळ्याचाच हवा, आणि तालमींचे व्हिडिओ, शुभ सकाळचे हजारो गुलाब, सगळं कॉपीला लावलं. वर अशी पुस्ती जोडली की स्क्रीन झोपली तर कॉपी थांबते, म्हणून दर अर्ध्या मिनिटाने तिला बोट लावत राहायला हवं. खरं म्हणजे स्क्रीन झोपली तरी कॉपी चालूच राहते, आणि स्क्रीन झोपूच नये अशी सोयही सेटिंगमध्ये असते. पण एवढ्या शिक्षणाचा घरच्यांना काही उपयोग नको का?

दोघी सोफ्यावर शेजारी बसल्या. मध्ये टॅब. एक बोट आईचं, मग एक मावशीचं. मी फोन आल्याचं निमित्त करून खिडकीपाशी गेले आणि कान इकडे ठेवला.

नाटकाची फाइल मी उघडी ठेवली होती. तेही मुद्दामच.

"वाचू नकोस," आई म्हणाली.

"मग काय डोळे मिटून बोट लावू?" मावशीने चष्मा चढवला आणि वाचायला लागली, तेही मोठ्याने. नाटक दोन बहिणींचं होतं. त्यातली धाकटी वाचाळ, केस रंगवणारी आणि दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालणारी होती. हे आईने मला सांगितलंच नव्हतं. मावशी एकेका वाक्यावर थांबत होती. "हे मी बोलले नव्हते. याच्या दुप्पट बोलले होते. आणि थोरली इतकी शहाणी? कुठं बघितलीस अशी?" आई कवळी हातरुमालात गुंडाळून बसली होती आणि बिनदाताच्या तोंडाने सारखी स्वल्प थांब, स्वल्प थांब म्हणत होती. मावशी थांबणाऱ्यांतली नाही. दुसऱ्या अंकात नाटकातल्या थोरलीने चारचौघांत धाकटीचा पाणउतारा केला, तेवढा प्रवेश मात्र तिने मनातल्या मनात वाचला.

मग ती म्हणाली, "अक्का, पुढचं कुठं आहे?"

मी खिडकीपासून वळले. स्क्रीनवर लिहिलं होतं: 'तिसरा अंक. दारावर थाप. धाकटी दार उघडते. थोरली म्हणते,' आणि त्याखाली कोरं. मावशीने बोटाने वर-खाली करून पाहिलं. काही नव्हतं.

मला आधी संतापच आला. ज्याच्यासाठी आईने डोळ्यांत पाणी आणलं, मला दुकानं हिंडायला लावली, मंडळाला दोन महिने झुलवत ठेवलं, तो तिसरा अंक नव्हताच. एवढ्यात आईचा चेहरा दिसला आणि माझा राग जागीच विरला.

"सुचलंच नाही," ती म्हणाली. "लिहायची, पुसायची. थोरली दारात येते इथपर्यंत जमतं. मग ती काय म्हणेल, ते कळत नाही. टॅब बंद पडला तेव्हा वाटलं, सुटले. गेला अंक, म्हणता येईल. आणि मग वाटलं, आता हे कधीच लिहून होणार नाही."

मावशी टॅबवर बोट लावत राहिली. "बरं, आता सांग. काय म्हणते थोरली?"

कवळी रुमालातच होती, त्यामुळे शब्द फुटून आले. "थोरली म्हणते, चुकलं माझं."

"असं कोण बोलतं आपल्या घरात?" मावशी म्हणाली. "प्रेक्षक उठून जातील अक्का." आणि मान खाली घालून, एका बोटाने, एकेक अक्षर शोधत तिने तेच वाक्य टाइप केलं.

"आता धाकटीचं वाक्य," आई म्हणाली.

दुसऱ्याच्या नाटकात न विचारता वाक्यं घालणारी माझी मावशी काहीच बोलली नाही. तिचं बोट हवेतच राहिलं. आईचंही. स्क्रीन मंद झाली आणि विझली.

मावशीने चष्मा काढला आणि टॅब तोंडासमोर धरला. टॅबने ओळखलं नाही. पुन्हा धरला. तिचे डोळे, नाक, गाल सगळं ओलं झालं होतं आणि हनुवटी थरथरत होती. बाकीचं नाटक पेनड्राइव्हवर माझ्यापाशी होतं. तेवढं एक वाक्य नव्हतं, ते आत्ताच लिहिलेलं होतं.

आईने पदराचं टोक पुढे केलं. "तोंड पूस आधी," ती म्हणाली. "एवढं बोलले, ते आत अडकलंय."