गुर्द्याचा धडा

"आधी हात ठिवा, मग नाव घ्या," असं म्हणून ते स्वतःच्या उजव्या बरगडीखाली तळहात ठेवायचे आणि मग सावकाश म्हणायचे, "यकृत." हात ठेवल्याशिवाय त्यांनी एकाही अवयवाचं नाव घेतलेलं मला आठवत नाही. पाठांतराला बसलो की आम्ही पुस्तकात बघायचो आणि ते स्वतःच्या अंगावर.

आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. वर्गात सगळे अठरा-वीस वर्षांचे आणि शेवटच्या बाकावर हा पन्नाशीतला माणूस. धोतर, पांढरा सदरा, कपाळावर विभूती. तुमच्याही वर्गात किंवा कचेरीत असा एखादा वयानं चुकलेला माणूस असेल. सगळे त्याच्याशी अदबीनं बोलतात आणि मधल्या सुट्टीत त्याला एकट्याला सोडून चहाला जातात. आम्हीही तेच करायचो.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. रोज कुठल्या तरी जुन्या इमारतीवर नवी पाटी चढायची. आमचा औषध-मदतनीसांचा एक वर्षाचा वर्गही त्याच गडबडीत निघाला, गंजगोलाईच्या मागे एका पत्र्याच्या गोदामात. आधी तिथे करडईची पोती असायची, त्यामुळे मेंदूचा धडा असो की हाडांचा, वास करडईचाच. त्या साली पाऊस दडी मारून बसला होता. पाणी टँकरचं, आणि तेही आलं तर.

अप्पांनी जळकोटला एका डॉक्टरांकडे सव्वीस वर्षं कंपाउंडरकी केली होती. डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला. दुसरीकडे कुठेही गेलं तर सर्टिफिकेट मागायचे. म्हणून ते शिकायला आले, असं आम्ही धरून चाललो होतो.

शरीरशास्त्राचे सर नांदेडहून आठवड्यातून दोनदा बसनं यायचे. हृदयाच्या धड्याला त्यांनी प्रत्येकाला स्वतःचा ठोका शोधायला लावला. अप्पांनी सदऱ्यात हात घालून गळ्यातली लिंगाची चांदीची डबी बाजूला सारली, बराच वेळ चाचपलं आणि म्हणाले, "सर, हे तर देवाच्या आडच बसलंय की." वर्ग हसला, सरही हसले. अप्पा सगळ्यांच्या शेवटी हसले, जरा उशिरा, परवानगी मिळाल्यासारखे.

शनिवारी दुपारी ते बसस्टँडवर जाऊन बसत. माझी खोली त्याच वाटेवर होती. जळकोटची गाडी लागायची, भरायची, निघून जायची. अप्पा बाकावरच. एकदा मी विचारलं, गेला का नाहीत? ते म्हणाले, जाऊन कुलूपच काढायचं. गाडी बघितली की जाऊन आल्यासारखं होतं.

मूत्रपिंडाच्या धड्याला सरांनी बाजारातून बकऱ्याचा गुर्दा आणला, पितळी ताटलीत. आम्हा मुलींतल्या दोघी तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. अप्पांचं घर लिंगायताचं. मांसाच्या दुकानावरून जाताना ते रस्ता बदलायचे. पण ताटली त्यांच्यापुढे आली तेव्हा त्यांनी गुर्दा उचलून तळहातावर घेतला आणि परत ताटलीत ठेवीनात. सर सांगत होते, जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं की रक्त आटतं, दाब पडतो, गुर्दा लघवी करणं थांबवतो.

अप्पा उभे राहिले. "लघवी थांबल्यावर माणसाकडं किती वेळ राहतो, सर?"

सर म्हणाले, तसं नक्की सांगता येत नाही. पण मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजत राहिलं, तर बरेच वाचतात.

"उलटी झाली तरी पाजायचं?"

"तरीही."

अप्पा खाली बसले. तास संपला तरी गुर्दा त्यांच्या हातातच होता. शेवटी मी ताटली पुढे धरली. हात धुवायला फक्त एक तांब्या पाणी होतं, मी त्यांच्या हातावर ओतलं. तेव्हा त्यांनी मला सगळं सांगितलं. मलाच का, ते पुढे कळलं. त्यांची मुलगी माझ्याच वयाची होती.

बहात्तरच्या दुष्काळात त्यांची बायको रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. एका सकाळी ती परत आली ती जुलाब-उलट्या घेऊनच. डॉक्टर गावाला गेलेले. अप्पांनी जुलाब थांबवायच्या गोळ्या दिल्या आणि तेव्हा सगळेच करायचे तेच केलं, पाणी बंद केलं. पाणी दिलं की जुलाब वाढतात, अशी समजूत होती. ती पाणी मागत राहिली. ते ओल्या फडक्यानं तिचे ओठ पुसत राहिले. दुपारी ती गेली.

"गावाला वाटतंय दुष्काळानं गेली," ते म्हणाले. "पाण्यावाचून गेली म्हणत्यात समदे. मी बी म्हणू दिलं. घरात रांजण भरलेला व्हता, अक्का."

तुम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं, एवढंच मी म्हणाले. ते म्हणाले, "तेच इचारायला आलो व्हतो हितं. कळलं."

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे साहेब आले होते. आधी हाडं विचारली, अप्पांनी धडाधड सांगितली. मग त्यांनी मूत्रपिंडाचं काम विचारलं. अप्पा गप्प. साहेबांनी प्रश्न सोपा करून पाहिला, मराठीत सांगा म्हणाले. अप्पा जमिनीकडे बघत उभे राहिले. नापास झाले. मी चिडले, येत असून का बोलला नाहीत म्हणून. ते म्हणाले की येत होतं, पण तोंड उघडलं असतं तर धडा सांगून थांबता आलं नसतं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ते भोकरच्या गाडीत बसले. मुलगी तिकडे दिलेली होती. आई गेली तेव्हा ती आठ वर्षांची. तिला सांगून येतो, म्हणाले. मी स्टँडवर गेले होते. त्यांना गाडीत चढताना मी पहिल्यांदा पाहिलं.

चार दिवसांनी ते गोदामात ठेवलेली ट्रंक न्यायला परत आले आणि तिथलं सगळं मला सांगितलं. ते पोचले तेव्हा मुलगी ज्वारी निवडत होती. त्यांनी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. सांगून झाल्यावर ती खाली बघतच म्हणाली, "मला ठाऊक हाय. मीच तांब्या आणला व्हता. तुमी माज्या हातून काढून घेतला." अप्पांना त्यातलं काही आठवत नव्हतं. आठ वर्षांची पोर तांब्या घेऊन समोर उभी होती, आणि ती त्यांना आठवतच नव्हती.

मग ती उठली, भाकरी टाकली, त्यांना जेवायला वाढलं. ते जेवेपर्यंत शेजारी बसली. निघताना दारापर्यंतही आली नाही.

"तू बी लेकीसारखीच," ते मला म्हणाले. "सांग, ह्याचा अर्थ काय धरायचा?"

मी एकोणीस वर्षांची होते. मी ट्रंकेला हात लावायला वाकले. त्यांनी ती स्वतःच उचलली आणि ते गोदामाच्या दारातून बाहेर पडले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

पुढे मला सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर नोकरी लागली. बऱ्याच वर्षांनी जळकोटचा एक माणूस खिडकीशी आला. मी सहज अप्पांची चौकशी केली. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. शेतात, बायकोच्या शेजारीच, त्यांना माती दिली होती.

"लेक आली होती का?" मी विचारलं.

"हाव, आली की. माती झाल्यावर समदे घराकडं आले, ती न्हाई आली. तिथंच बसून व्हती. लई ऊन व्हतं, म्हणून मी छत्री नेऊन दिली."

"मग?"

"मग काय, छत्री घेतली. उघडली न्हाई. मांडीवर धरून बसली, पार दिवस कलंपत्तर."

त्याच्या मागे रांग खोळंबली होती. मी त्याची औषधं मोजून दिली आणि पुढच्या माणसाची चिठ्ठी घेतली.