रंभाबायच्या बाहुल्या परत आल्या

तलासरीच्या नाक्यावर माझं औषधांचं दुकान आहे आणि रस्त्याच्या पलीकडे रंभाबायचं. तिचं दुकान म्हणजे चार बांबू, वर निळी ताडपत्री आणि आडव्या काठीला टांगलेल्या काळ्या बाहुल्या. नवं घर बांधलं, वाडीला फाटक बसवलं, टेम्पो घेतला, की नजर लागू नये म्हणून लोक कापडाची जी बाहुली टांगतात, ती. इथपासून डहाणूच्या किनाऱ्यापर्यंत लटकणाऱ्या बाहुल्यांपैकी निम्म्या तरी तिच्या हातच्या होत्या. उरलेल्या निम्म्या तिच्या बघून केलेल्या.

ती झरीहून सकाळच्या जीपने यायची. नवरा लवकर गेला, जतीन तेव्हा पाळण्यात होता. सुई तेवढी हातात होती, तिच्यावर तिने पोर वाढवलं. प्रविण टेलरकडच्या चिंध्या मागून आणायची, काळ्या कापडात ठासून भरायची, पांढऱ्या दोऱ्याने डोळे आणि लाल दोऱ्याने तोंड काढायची. गवत कापताना विळा लागून तिचं एक बोट आखडलं होतं, त्यामुळे तोंडाचा शेवटचा टाका कायम वर चढायचा आणि तिची प्रत्येक बाहुली एका गालात हसल्यासारखी दिसायची. कुणाला त्याचं काही नव्हतं. टांगल्यावर बाहुलीच्या तोंडाकडे कोण बघतो?

खरंच नजर लागत नाही का, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, ते तिला काही ठाऊक नाही, पण बाहुली नेणारा पुन्हा कुरकुर करत येत नाही एवढं खरं. माझ्या दुकानातल्या बऱ्याच गोळ्यांबद्दल मीही याहून जास्त काही सांगू शकत नाही. गिऱ्हाइकापुढे मात्र ती ठाम असायची. बाहुली पिशवीत घालून देताना तिचं ठरलेलं बोलणं होतं, "सगळा आपल्यावर घेते ती. काय झाला तं मना आणून दे." लोक हसायचे, पिशवी घेऊन जायचे आणि हे बोलणं विसरून जायचे, निदान आम्हाला तसं वाटत होतं.

मग एका उन्हाळ्यात डहाणूच्या बाजूला, किनाऱ्यालगतच्या एका जुन्या बंगल्यात शूटिंगवाले येऊन राहिले. त्यांच्यातला सामान जमवणारा एक माणूस रंभाबायच्या टपरीवर थांबला, बाहुल्या निरखून पाहिल्या आणि काठीसकट सगळ्या घेऊन गेला. त्या दिवशी रंभाबाय दुपारीच घरी गेली. आता तुझी बाहुली हिरॉईन होणार म्हणून आम्ही तिला चिडवलं. आमच्या तोंडात कुणी साखर घालायला नको होती.

पिक्चर हिंदी होता आणि सगळा त्या बाहुलीचाच. एका घराच्या दारावर ती टांगलेली असते, रोज थोडी खाली उतरते, घरातल्या एकेकाला खाते आणि शेवटी पाळण्यातल्या बाळाशेजारी जाऊन झोपते. पडद्यावर तिचं तोंड भिंतीएवढं केलेलं, आणि गालावर चढलेला तो लाल टाका. वापीच्या मॉलमध्ये आमच्याकडच्या पोरांनी तो बघितला आणि सगळं थिएटर भीतीने गप्प असताना ही पोरं तेवढी म्हणे हसत सुटली, कारण ती बाहुली कुणाची ते त्यांना लगेच कळलं.

पिक्चर असा चालला की विचारू नका. कोटींचे आकडे रोज टीव्हीवर, तेच तोंड रिक्षांच्या पाठीवर, मोबाइलच्या कव्हरवर, टी-शर्टवर. ज्यांनी पाहिला नव्हता तेही पाहिल्यासारखं बोलू लागले. रंभाबायने पाहिला नाही. अंधारात बसलं की आपल्याला झोप येते, असं ती म्हणाली. सुरुवातीला तिला मजा वाटली, लोक टपरीपुढे फोटो काढायचे. एक चॅनेलवाला आला आणि तिला सांगू लागला की केस मोकळे सोडा, हसू नका, कॅमेऱ्याकडे रोखून बघा. ती बिचारी लाजून हसतच राहिली. त्याला चहातून जुलाबाची गोळी द्यावी असं मला मनापासून वाटलं होतं.

पहिली बाहुली परत आणली ती लक्ष्याने. लक्ष्या टेम्पो चालवतो, आणि चालवता चालवता मोबाइल बघतो. त्याने टेम्पो गटारात घातला. त्याला खरचटलंसुद्धा नाही, पण टेम्पोमागची बाहुली सोडून त्याने ती रंभाबायच्या काठीला आणून अडकवली. तूच बोललेलीस ना, आणून दे म्हणून, एवढंच त्याने तिला ऐकवलं. तिने ती ठेवून घेतली.

मग रांगच लागली. एरवी बाहुली जुनी झाली की अवसेला उतरवायची आणि तिठ्यावर किंवा वाहत्या पाण्यात टाकून यायचं, ही रीत. पण पिक्चर बघितल्यावर तिला तिठ्यापर्यंत नेण्याची कुणाची छाती होईना. त्यापेक्षा जिने केली तिलाच देऊन टाकली की आपण सुटलो, असा सगळ्यांनी हिशेब केला. रानशेतहून एक बाई एसटीने आली, बाहुली तीन पिशव्यांत गुंडाळून. डहाणूकडचे वाडीवाले नविनभाई गाडीतून आले, त्यांची काच खालीसुद्धा झाली नाही. ड्रायव्हरने काठीच्या टोकावर बाहुली धरून आणली आणि रंभाबायच्या पुढ्यात टाकली, कारण त्या साली नविनभाईंच्या चिकूला फळ कमी धरलं होतं. कुणाची म्हैस आटली, कुणाचा पोरगा बारावीला आपटला, कुणाचं सासूशी पटेना. जणू ही सगळी दुखणी त्या एका टाक्यातून निघाली होती. मी दोघातिघांना दुकानात बोलावून झापलंही, पण माझ्याकडून खोकल्याचं औषध घेऊन ते सरळ समोर बाहुली द्यायला गेले.

रंभाबायने एकालाही परत पाठवलं नाही. शब्द दिलाय म्हणाली. टपरीवर त्या ठेवता येत नव्हत्या, त्यांच्यामुळे ती सोबत विकायची त्या लिंबू-मिरचीचं गिऱ्हाईकही रस्ता ओलांडून जायला लागलं होतं. म्हणून संध्याकाळी पोत्यात भरून ती त्या झरीला न्यायची आणि पडवीत ठेवायची. उन्हापावसाने विटलेल्या, कुणाचा हात तुटलेला, कुणाच्या अंगावर रस्त्याची धूळ, अशा त्या बाहुल्यांनी पडवीचा एक कोपरा भरून गेला.

आणि घरात सून सातव्या महिन्यात होती. निशिगंधा डहाणू गावातली, शिकलेली, स्वभावाने गरीब. तिने जतीनबरोबर पिक्चर पाहिला होता. तिने भांडण केलं नाही, पण पडवीतून जाताना भिंतीला पाठ लावून जायची. मी तिला नावं ठेवत नाही. ज्या बाईच्या पोटात बाळ आहे तिला पाळण्यात शिरणारी बाहुली दाखवली, तर ती आणखी काय करणार? पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून ती डहाणूला गेली आणि तिला मुलगी झाली.

रंभाबायने नाक्यावर पेढे वाटले आणि नवं लुगडं नेसून नातीला बघायला गेली. विहिणीने तिला हात धुऊन यायला सांगितलं. तिने धुतले. तरीही बाळ काही मांडीवर दिलं नाही, लांबूनच दाखवलं. हे तिने मला सांगितलं तेव्हा ती रडली नाही, फक्त स्वतःचे हात उलटसुलट करून बघत होती. पुढच्या आठवड्यात जतीन मान खाली घालून टपरीवर आला. तो डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात कामाला आहे. बाहुल्या घरात आहेत तोवर निशिगंधा बाळाला झरीला आणणार नाही, आणि आईने हे काम सोडलं नाही तर तो डहाणूलाच खोली घेईल, असं त्याने सांगितलं. रंभाबाय म्हणाली, काम आजपासून सोडलं. तिने बांबूवरची काठी तेव्हाच उतरवली. पण पडवीतल्या त्या ढिगाचं काय करायचं?

तिने दोन पोती भरली आणि उधव्याकडच्या जीपमध्ये बसली, नदीत सोडायला. जीपवाल्याने सहज विचारलं पोत्यात काय आहे, आणि हिला खोटं बोलायची सवय नाही. त्याने तिला पोत्यांसकट रस्त्यात उतरवलं. एकेक पोतं पुढे नेत नेत ती कशीबशी नदीवर पोचली, तर धुणं धुणाऱ्या बायका आडव्या आल्या. पिक्चरात ती बाहुली विहिरीत टाकतात आणि ती पाण्यातून परत येते, हे त्यांना ठाऊक होतं. मग ती जाळायला निघाली, तर शेजारचा सदू धावत आला, कारण पिक्चरात तिचा धूर ज्याच्या नाकात जातो त्याला ती धरते. पुरावं म्हटलं तर ती जमिनीतूनही वर येते. पिक्चरवाल्यांनी रंभाबायसाठी एकही वाट मोकळी ठेवली नव्हती. बंगल्यात महिनाभर राहून गेले, कोटी कमावले, आता दुसरा भाग येणार म्हणून सांगत होते, आणि इथे ही म्हातारी आपलीच पोती पाठीवर घेऊन गावभर हिंडत होती. मला त्यांचा जो राग यायचा तो अजून गेलेला नाही.

रक्तदाबाच्या गोळ्या द्यायला मी एका रविवारी तिच्या घरी गेलो, तर ती पडवीत मांडी घालून बसली होती आणि ब्लेडने बाहुल्या उसवत होती. त्या पिक्चरात शिवणकाम येणारं एकही माणूस नसावं, कारण बाहुली उसवता येते हे त्यात कुणाला सुचलंच नव्हतं. ती आधी तोंडाचा लाल दोरा काढायची, मग डोळे, मग पाठीची शिवण. आतून चिंध्या निघायच्या, शाळेच्या गणवेशाचा निळा, कुणाच्या लग्नातल्या ब्लाऊजचा जरीचा तुकडा, परकराचा पिवळा. शेवटी काळ्या कापडाचा एक चौकोन उरायचा. तो ती झटकून घडी करून ठेवायची आणि पुढची बाहुली घ्यायची. मी तिला म्हटलं, थोडं थांब, डोळ्यांवर ताण येईल.

"दमली रे मी," ती म्हणाली. "बाहुली आपल्यावर घेते, असा मीच सांगत होती लोकांना. तिच्यापासून कोणी घ्यायचा, ते कोणी विचारलाच नाय."

मी गोळ्या ठेवल्या, तिच्याशेजारी बसून थोड्या चिंध्या पोत्यात भरल्या आणि घरी आलो. सगळ्या बाहुल्या उसवायला तिला पुष्कळ दिवस लागले. चिंध्या तिने प्रविणला परत दिल्या, त्याने त्या गादीवाल्याला दिल्या. त्या सुमारास नाक्यावर त्याच तोंडाची प्लॅस्टिकची बाहुली विकायला आली, पाकिटात बंद, कुठल्यातरी कारखान्यात बनलेली. ट्रकवाले ती घेऊन बंपरला बांधायला लागले. एवढी भयंकर आहे म्हणजे नजर लांबूनच पळेल, असं त्यांचं म्हणणं. त्यात लक्ष्याही होता. रंभाबाय तेव्हा ताडपत्रीखाली शहाळी विकत बसली होती. तिने त्याला शहाळं फोडून दिलं.

निशिगंधा बाळाला घेऊन झरीला आली त्या दिवशी मी आणि माझी बायको झबलं घेऊन गेलो होतो. पडवी सारवलेली, कोपरा मोकळा, नव्या पाळण्याला नवी दोरी. दुपारभर पाड्यातल्या बाया येऊन बाळाला बघून गेल्या. प्रत्येकीने तिच्या जावळाचं, गालाचं, रंगाचं कौतुक केलं. आणि दिवेलागणीला ती पोर जी रडायला लागली ती थांबेना. दूध घेईना, कुशीवर राहीना, लाल होऊन श्वास कोंडून रडायची. मी औषधवाला, मी थेंब दिले. त्यांनी काही झालं नाही. शेजारची नवशी म्हणाली, एवढ्या नजरा एका दिवसात कशा सोसायच्या लेकराने. तिने मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकली. त्यानेही काही झालं नाही.

एवढा वेळ रंभाबाय दाराजवळ उभी होती. पुढे झाली नव्हती. बाळ मागायचा आपल्याला हक्क आहे की नाही, हे अजून तिचं तिलाच ठरवता आलं नसावं.

निशिगंधाचे डोळे सुजले होते. तिने दारावरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, मग सासूकडे.

"आई," ती हळूच म्हणाली, "एखादी राहिलीय का?"

रंभाबायने आधी पडवीच्या कोपऱ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"नाय बाय. एकपण नाय ऱ्हायली," ती म्हणाली. मग तिने दोन्ही हात पुढे केले. "दे. मी हाय."

निशिगंधाने बाळ तिच्या हातात दिलं. ते काही लगेच थांबलं नाही. रंभाबायने त्याला खांद्यावर घेतलं आणि त्याच्या पाठीवर आपलं ते आखडलेलं बोट फिरवत ती पडवीत फेऱ्या घालायला लागली.